बारीवाल्या बायांची आत्या

कोणाच्याही घरी गेली की आत्या आधी बसत नसे. "राम राम" नाही, "कशी हायेस" नाही. चप्पल दारात काढून ती सरळ स्वयंपाकाच्या खोलीत शिरायची आणि चुलीजवळच्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण उचलून आत पाहायची. गंजात भात दिसला, तर बाहेर येऊन ओसरीत बसायची आणि पाणी मागायची. नाही दिसला, तर उभ्यानंच विचारायची, "घरी कोन कोन हाये?"

दुसऱ्याच्या घरातली भांडी उघडून पाहणं तुम्हाला आगाऊपणा वाटेल. मलाही वाटला होता. मी गोंदिया शहरात वाढलेली. चिचगडच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या त्या गावी उपकेंद्राची नर्स म्हणून आले आणि दुसऱ्याच महिन्यात मलेरियानं पडले. ही उंच, हडकुळी, साठीची बाई न विचारता आत आली आणि तिनं माझा कुकर उघडून पाहिला.

"आत्या, मैं ठीक हूँ," मी पांघरुणातून म्हणाले. तेव्हा माझ्या तोंडात हिंदीच आधी यायची.

"तोंडानं सारेच ठीक सांगतेत," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी दोन बाया आल्या. एकीनं तांदळाची पेज आणली होती. दुसरीनं माझे कपडे गोळा केले, हातपंपावर नेऊन धुतले, वाळत घातले आणि एक शब्द न बोलता गेली. पाच दिवस असं चाललं. दर दिवशी वेगळ्या बाया. मी आभार मानले तर त्यातली एक हसून म्हणाली, "आमाले कायले म्हणता, शिस्टर? आज आमची बारी होती."

बारी म्हणजे पाळी. गावातल्या बारा-तेरा बाया ही बारी करत. कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झालं, एखाद्या घरातला माणूस दवाखान्यात भरती झाला, की त्या घरी दोन बाया जात. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत बाळंतिणीच्या वाट्याची बांधी, म्हणजे भातखाचर, या बाया आधी रोवून देत आणि मग स्वतःच्या शेतात जात. कुठं काही लिहिलेलं नव्हतं. आत्याला लिहिता येत नव्हतं. कोणाची बारी कधी झाली, कोणाच्या घरी सध्या पाहुणे आहेत, कोणाची कंबर दुखते, सगळं तिच्या डोक्यात असे.

ती स्वतः मात्र कधीच स्वयंपाकाची बारी घेत नसे. तिच्या हातचं कोणालाच आवडत नसे, तिलाही नाही. "मी रांधलं तं आजारी मानूस आनखी आजारी पडन," असं म्हणत ती आजाऱ्याचे घाण झालेले कपडे उचलायची. त्या कामाला दुसरं कोणी लवकर पुढे होत नसे, हे तिला माहीत होतं.

एकदा तालुक्याहून एक साहेब आले. त्यांना हे काम फार आवडलं. म्हणाले, याला चांगलंसं नाव द्या, रीतसर नोंदणी करा.

"नाव ठेवलं तं बोर्ड लागते," आत्या म्हणाली. "बोर्ड लागला तं अध्यक्ष लागते. मंग अध्यक्ष कोणाच्या घरचं शेन काढन का, साहेब?"

साहेबांनी चहा घेतला आणि गेले.

हे सगळं सुरू कसं झालं, ते तिनं मला एकदाच सांगितलं, हातपंपावर कपडे आपटता आपटता. तिचा नवरा शेवटच्या आजारात गोंदियाच्या दवाखान्यात होता आणि ती त्याच्याजवळ. घरी दोन लहान मुली. "तीन दिस पोट्ट्या मुरमुऱ्यावर राहिल्या. गावातले लोक काही वाईट नव्हते, शिस्टर. सारे माह्यासंगच रडले मंग. पन पाहाले कोनीच नाही आलं." एवढं बोलून तिनं चादर पिळायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

अशी ही आत्या. तरीही गावात एक घर होतं, जिथं ती आत जात नव्हती.

गावाच्या शेवटी सायत्राबाई राहायची. विधवा, एकटी. पूर्वी गावातली निम्मी बाळं तिच्या हातून न्हाली होती. बाळाला आंघोळ घालावी, मालिश करावी तर तिनं, असं म्हाताऱ्या सांगत. मी त्या गावी येण्याच्या वर्षभर आधी शेजारचे दोन बैल लागोपाठ मेले, एक लेकरू फार आजारी पडलं, आणि कोणीतरी म्हणालं की ही बाई करणी करते. ते कोण म्हणालं, हे नंतर कोणालाच आठवेना. पण तिला कामाला बोलावणं बंद झालं. ती हातपंपावर आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. आत्या तिच्याकडे अन्न पाठवायची, पण ते दाराबाहेर ठेवलं जायचं.

"तुम्ही आत का जात नाही?" मी तिला सरळच विचारलं.

ती तितक्याच सरळ म्हणाली, "मले भेव लागते, शिस्टर."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर तिनं काही बहाणा केला नाही, याचं नवलही वाटलं.

मग चैतात, मोहफुलं पडायचे दिवस होते. गाव पहाटेच जंगलात फुलं वेचायला जाई आणि घरं रिकामी पडत. मी तापाचे रुग्ण शोधत घरोघर फिरत होते. सायत्राबाईच्या दारात दोन ताटल्या पडल्या होत्या. एक कुत्र्यानं चाटून पालथी केली होती, दुसरीत वाळलेला भात. आत ती जमिनीवर पडलेली, अंगात ताप. मी विचारलं, कधीपासून? तिनं बोटं दाखवली. तीन.

मी गोळ्या दिल्या, पाणी पाजलं आणि आत्याकडे गेले. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी पाहिलं ते सांगितलं.  तिनं हात पदराला पुसले आणि माझ्या पुढं चालू लागली. सायत्राबाईच्या उंबऱ्याशी ती थांबली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग ती आत गेली आणि तिनं चुलीजवळच्या गंजावरचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी होतं.

त्या संध्याकाळी तिनं बायांना गोळा केलं. सायत्राबाईची बारी कोण घेणार, असं विचारलं.  शेवटी वनिता म्हणाली, "आत्या, माहं लेकरू दूध पेऊन राहिलं. मी कशी जाऊ?" वनिता सगळ्यांत कामसू. तिनंच मला पेज आणून दिली होती.

"नोको जाऊ," आत्या म्हणाली. रागावली नाही. सायत्राबाई उठून बसेपर्यंत ती स्वतःच दोन वेळा जात राहिली. तिच्या हातचं जेवण सायत्राबाईनं कसं खाल्लं, देव जाणे.

त्याच महिन्यात आत्याची धाकटी मुलगी पुष्पा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर बाळाला आंघोळ घालायला आत्या कोणाला घेऊन आली, ते तुम्ही ओळखलंच असेल. आत्यानं मला वजनकाटा घेऊन बोलावलं होतं. वजन कालच झालं होतं. तिला सोबतीला कोणीतरी हवं होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

पुष्पा रडायलाच लागली. "आई, तिच्या हातात देऊन राहिली माहं लेकरू?"

"मी अठीच बसून हाओ," आत्या म्हणाली.

सायत्राबाईनं पाय लांब केले, बाळाला त्यावर घेतलं आणि डोळे मिटून पाण्यात हात घालून पाहिला. वर्षानुवर्षांची सवय होती ती. बाळ एकदा किरकिरलं, मग गप्प झालं. मी आत्याकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढल्यावर पुष्पा ओरडत उपकेंद्रात आली. बाळाचं अंग तापलं होतं, ते दूध ओढत नव्हतं. एवढ्या लहान बाळाच्या तापात थांबून चालत नाही. मी गाडी बोलावली. बाळाला घेऊन पुष्पा, आत्या आणि मी देवरीच्या दवाखान्यात निघालो.  वाटेत पुष्पानं आईकडे एकदाही पाहिलं नाही.

आम्ही दवाखान्यात असतानाच गावातून फोन आला. सायत्राबाईच्या दारासमोर माणसं जमली होती. आत्यानं फोन मला परत दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिला मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "म्याच तिले घराबाहेर काढलं, शिस्टर," ती म्हणाली. "पडली होती तठीच पडून राहिली असती तं वाचली असती." मी पोलीस पाटलांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. त्यांच्या हातात बाळाचे कपडे होते. एक झबलं, त्यावर दुसरं, त्यावर लोकरी टोपरं आणि वरून दोन फडकी. "एवढ्या उन्हाळ्यात असं कोणी गुंडाळलं? उकडून ताप चढलाय हिला. दूधही कमी पडलंय. आज इथं ठेवते, घाबरू नका."

पुष्पानं आईकडे पाहिलं. आत्या उठून उभी राहिली.

"म्या गुंडाळलं," ती म्हणाली. "तिची नजर लागू नये म्हनून."

पुष्पाला बाळाजवळ ठेवून आम्ही दोघी गावात परतलो तेव्हा चार वाजले होते. आत्या घरी गेलीच नाही. सायत्राबाईच्या दारासमोर पंधरा-वीस माणसं होती आणि दाराच्या पायरीवर वनिता बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन. ती त्याला पाजत होती. तिच्या शेजारी बारीवाल्या आणखी चार बाया. दुपारभर त्या तिथून हलल्या नव्हत्या. अंगावर पिणारं लेकरू ओलांडून आत जायची कोणाची हिंमत झाली नव्हती. सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा एक माणूस आत्याला पाहून म्हणाला, "सांग आत्या, तुही नात कशी हाये?"

"चांगली हाये," आत्या म्हणाली. "तिले ताप माह्यानं आला. म्या भेवून चार कपडे घातले उन्हाळ्यात. शिस्टरले इचारा. मी अक्कल नसलेली बाई. माह्या दारी चाला आता, अठी कायले उभे हा?"

कोणी हसलं नाही. पण एकेक जण निघाला. मग आत्या वनिताजवळ गेली. शाबासकी देईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "लेकरू उन्हात काऊन बसवलं व? सावलीत सरकता नाही आलं?"

त्यानंतर इतर बायांसारखी सायत्राबाईलाही बारी लागू लागली. सगळ्या घरांत नाही, लगेच तर मुळीच नाही. पुढच्या वर्षी त्या मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाची आई पडून अंथरुणाला खिळली. आत्यानं तिथं सायत्राबाईला पाठवलं. पहिले दोन दिवस तो तोंड फिरवून अंगणात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं गरम पाण्याची बादली आणून तिच्याजवळ ठेवली. मला हे सायत्राबाईनंच सांगितलं. मी आत्याला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग? बादली उचलाले का होते त्याले?"

काही वर्षांनी माझी बदली इटियाडोह धरणाच्या बाजूला झाली. वनिताचा फोन आला तेव्हा आत्या जाऊन दोन दिवस झाले होते. दुपारी अंगणात बसल्या बसल्या गेली. कोणाला बारी करायची वेळच तिनं येऊ दिली नाही.

मी तेरवीला गेले. अंगणात मोठाल्या गंजांमधून भात शिजत होता, बाया इकडून तिकडे धावत होत्या. मला वाटलं होतं, कोणाच्या तरी गळ्यात पडून रडावं. वनितानं माझ्या हातात विळी दिली. "शिस्टर, बसाचं मंग पाहू. हे वांगे कापून द्या आधी."

कापता कापता माझं लक्ष ओसरीतल्या फोटोकडे गेलं. आत्याचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून आणला होता. हार घातलेला, पण चेहरा असा की आता कोणावर तरी खेकसणार. पुष्पाची मुलगी, आता पाच वर्षांची, फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "आई, आजी कोनावर रागावून राहिली?"

"तुह्या सायत्रा आजीवर," वनिता म्हणाली. "भाजीत मीठ जास्त टाकलं तिनं."

सगळ्या बाया हसल्या. सायत्राबाईही हसली. मग ती हसतच राहिली, आणि आम्हाला कळायला जरा वेळ लागला की ती हसत नाहीये. वनितानं तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि ती स्वतः भाजी ढवळू लागली.