वेणूची हळद

शैला गेल्याची बातमी मला शैलाच्याच आवाजात आली. माझ्या मोबाइलची रिंगटोन तिनंच लावून दिलेली होती, तिच्या पहिल्यावहिल्या अल्बममधलं भरिताचं गाणं. सकाळी पिंप्राळ्याच्या बाजारात मी मेथीची जुडी बघत होते आणि पर्समधून ती जोरात गायला लागली. शेजारच्या दोन बायका हसल्या. मीही हसतच फोन घेतला, तर पलीकडे तिचे यजमान, नाना. "सुमनताई, शैला गेली... झोपेतच," एवढंच बोलले. दीड महिना झाला. रिंगटोन बदलायला हात धजत नाही आणि फोन वाजला की चारचौघांत दचकायला होतं.

शैला मूळची पारोळ्याची. लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला आमच्या शेजारी आली, ती तीस वर्षं शेजारीच राहिली. ब्लाउज शिवायची, पण तिची खरी ओळख हळदीची गाणी म्हणणारी म्हणून. कुठल्याही मांडवात शिरली की आधी विचारायची, "नवरीनं नाव काय शे?" नाव कळल्याशिवाय ओळ उचलायची नाही. गाण्यात नाव घेऊनच हळद लावायची, ही आमच्याकडची रीत, आणि शैला रितीच्या बाबतीत कोर्टातल्या वकिलापेक्षा चिवट. अशाच एका हळदीत मेहरूणच्या नितीननं तिला ऐकलं. तलावाच्या बाजूला पहिल्या मजल्यावर त्याचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आणि मधोमध एक काच. तो म्हणाला, "मावशी, आपण अहिराणी पॉपचा अल्बम काढू." शैला तेव्हा पंचेचाळीसची. अल्बमचं नाव तिनंच ठरवलं, 'पारोयानी पोर'. मी म्हटलं, "अगं, पंचेचाळिशीची पोर?" तर म्हणते कशी, "पारोयामा माले अजून पोरच म्हनतस."

रेकॉर्डिंगला दर वेळी मी तिच्यासोबत असायचे, माझ्या स्कूटरवर मागे बसून ती येणार हे ठरलेलंच. मे महिना, जळगावचं ऊन, आणि आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद. सात गाणी झाली. भरिताचं, केळीच्या ट्रकचं, पारोळ्याच्या शेवटच्या एसटीचं... कीबोर्डचा दणदणाट आणि त्यावर शैलाचा तो खडा आवाज. आठवं गाणं हळदीचं. त्या दिवशी तिनं डब्यातून कालवलेली हळद आणली. "मुहूर्त शे," म्हणाली आणि कुणाला नाही, मलाच लावली. दोन्ही गालांना, मनगटांना. लावता लावता माझ्या मोतिया साडीच्या पदरावर चांगला तळहाताएवढा डाग पाडला. मला तिथून थेट कचेरीत जायचं होतं. मी चिडले, "शैले, नवी साडी आहे माझी!" ती नुसती हसली आणि काचेच्या आत जाऊन उभी राहिली. आत गेल्यावर मात्र अडून बसली. "नवरी कोन शे?" नितीन म्हणाला, "नवरी कोणीच नाही, मावशी. अल्बम आहे. नुसतं 'नवरी' म्हणा, म्हणजे कुठल्याही लग्नात वाजेल." "मंग हयद कोनले लावू? भितले?" नितीननं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मग शैलानं कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "लाव तुनं मशीन." आणि गायली, "वेणूले हयद लागनी वं माय, वेणूले हयद लागनी." सगळं गाणं एका दमात. मला कबूल करायला हवं, त्या बंद खोलीत माझ्या अंगावर काटा आला होता.

अल्बम चालला. पेन ड्राइव्हवरून रिक्षांत गेला, वरातींत गेला. पण आठव्या गाण्याचं भलतंच झालं. धुळ्याच्या एका लग्नात डीजेवाल्यानं ते लावलं आणि नवरीची आत्या तरातरा उठून गेली, "कोन वेणू? आमनी पोरनं नाव पूजा शे! बंद कर ते!" दुसऱ्याच्या नावाची हळद आपल्या मुलीला कोण लावून घेणार? असं दोनचार ठिकाणी झालं आणि डीजेवाल्यांनी ते गाणं यादीतून काढूनच टाकलं. अल्बममधलं सगळ्यात सुंदर गाणं, आणि तेच कुणी ऐकेना. नितीन म्हणाला, नाव काढून पुन्हा रेकॉर्ड करू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. शैला ढिम्म हलली नाही. शेवटी मीच तिच्यावर घसरले. म्हटलं, "ही वेणू आहे तरी कोण? तुझी बहीण नाही, नणंद नाही. कुणा तिऱ्हाईत बाईच्या नावापायी एवढं गाणं मातीत घालतेस!" तिनं शिवणयंत्रावरचा पाय थांबवला. "ते नाव काढं ते गानंच ऱ्हात नही, सुमन." आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. मला राग आला तो आलाच. पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. या शेजारपणातले तेवढेच पंधरा दिवस, आणि ते आता मला फार लागतात.

मला चौकशीची खोड आहे. कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात आयुष्य गेलं. कागद कुणाचा, कुणाला, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दहाव्याला पारोळ्याची मंडळी आली होती, तिथंही मी हळूच विचारत फिरले. नाना म्हणाले, "मलाही कधी सांगितलं नाही तिनं." तिची बहीण म्हणाली, आमच्यात वेणू कोणीच नाही. शेवटी मेहरूणला जाऊन नितीनला गाठलं. त्यालाही नाव ठाऊक नव्हतं, पण त्यानं एक सांगितलं. "ताई, बाकीची सात गाणी मावशी डोळे मिटून गायल्या. त्या एका गाण्याला मिटले नाहीत. सगळा वेळ काचेतून तुमच्याकडे बघत होत्या." मी म्हटलं, डाग पाडल्याचं वाईट वाटत असेल. तोही हसला, मीही हसले.

मागच्या पंधरवड्यात धुळ्याला भाऊकडे गेले होते. भाऊ म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या मुलाचं लग्न निघालं होतं आणि आईचं जुनं लुगडं शोधायला त्यानं तिची लोखंडी पेटी उघडली होती. तळाशी लाल फडक्यात एक पुरचुंडी निघाली, आत माझी पत्रिका. मी ती कधीच पाहिली नव्हती. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं आणि भटजींनीच पाहिली. पुढे हळदीला आठ दिवस उरले असताना मुलाकडच्यांनी नकार कळवला. दळून ठेवलेली हळद आईनं शेजारी वाटून टाकली, पत्रिका आपल्या पेटीत टाकली आणि त्या विषयावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. मीही नाही. कागद उलगडला, पिवळा पडलेला. मृगशीर्ष नक्षत्र, वृषभ रास असलं काहीबाही, आणि त्याखाली... जन्मनाव : वेणू.

"हे कुणाचं?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "तुझंच की. आई म्हणायची, हे नाव लग्नातच लागतं, एरवी कुणी घेत नाही."

मग एकेक आठवायला लागलं. अल्बमच्या आदल्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळून होती. मी कचेरीत जायचे, तेव्हा दुपारभर शैला हातशिलाईचं काम घेऊन तिच्या उशाशी बसायची. संध्याकाळी मी विचारायचे, "काय बोलत होतात गं दोघी?" "काय नही, जुन्या गोष्टी." आई माझ्याशी कधी बोलली नाही ते शैलाशी बोलली असणार. हिची हळद राहिली म्हणाली असणार, नाव सांगितलं असणार... आणि मी त्या बाईला तिऱ्हाईत म्हणाले. शैलानं ऐकून घेतलं. एका शब्दात माझं तोंड बंद करता आलं असतं तिला. कुणी माझी कीव केलेली मला आवडत नाही, हे तिला माहीत होतं. रडू आलं ते भाऊसमोरच आलं, आवरलं नाही.

जळगावला परतल्यावर कपाटाच्या खालच्या खणातून ती मोतिया साडी काढली. डाग निघेना म्हणून तेव्हाच बाजूला टाकलेली. किती साबण, किती उन्हं झाली होती तिला, तरी पदरावर पिवळी छटा आहेच. इस्त्री करून परवा भाच्याच्या हळदीला धुळ्याला तीच नेसून गेले. वहिनीनं दारातच पदर धरला आणि कानाशी लागली, "अक्का, डाग शे वं आठे. दुसरी नेसी ल्या ना."

"डाग नाही गं," मी म्हटलं, "माझी हळद आहे."