ट्रंकेवरचं नाव

डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की मला जळगाव जामोदचं आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस आठवतं. मालक फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. टेबल म्हणून ते एक काळी लोखंडी ट्रंक वापरायचे. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव मात्र दुसऱ्याचंच होतं. फौजी असून हा माणूस युद्धाच्या विरोधात लिहितो, म्हणून सगळ्याच पक्षांचे पुढारी त्यांच्यावर खार खाऊन असत. त्या वर्षी सीमेवर जवान मारले गेले, गावात मोर्चा निघाला आणि मी पहिल्या पानाला मथळा दिला, ‘आता युद्धच हवं’. मालकांनी पान वाचलं, ट्रंकेवरचे कागद खाली ठेवले आणि कुलूप काढलं. आत डांबराच्या गोळ्या, स्वेटर, दाढीचं सामान आणि अर्धवट लिहिलेलं एक अंतर्देशीय पत्र होतं. “हे माह्या पलटणीतल्या जोडीदाराचं. लढाईत गेला तो,” ते म्हणाले. “मीच घेऊन गेलतो अमडापूरले. त्याच्या मायनं हात नाही लावला. म्हणे, पेटी काऊन आणली, तो कुठी हाय?” “मग?” मी विचारलं. “मंग काय, वापस घेऊन आलो.” मथळा काढून त्यांनी फक्त मेलेल्यांची नावं आणि गावं छापली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर आमचे अंक जाळले गेले. ते बाकावर बसून बघत राहिले. मालक वारल्यापासून पेपर मीच चालवतो. परवा पुन्हा तशीच बातमी आली. मी तोच मथळा टाइप केला, पान छपाईला पाठवलं आणि चहा संपवला. कप त्या पांढऱ्या नावावरच ठेवला होता, हे नंतर दिसलं. उचलला नाही.