शेपटीचा पंखा

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी सुटे भाग जोडून रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर बनवायला घेतलं, तेव्हा "या वयात हे काय खूळ!" म्हणून त्यांच्या थोरल्या भावाने टर उडवली होती. आज मैदानात तोच हौसेने सगळ्यांत पुढे उभा होता. हेलिकॉप्टर डोक्याइतक्या उंचीवर गेलं आणि त्याचं शेपूट थडथडू लागलं. मावशींना आठवलं, तिथला एक स्क्रू आवळायचा राहिला होता.

"दादा, मागे हो!"

"अगं, झकास उडतंय की!"

"मागे हो म्हणते ना!"

तो दचकून मागे सरला. मावशींनी श्वास रोखून हेलिकॉप्टर हळूहळू गवतावर टेकवलं. पाती थांबली. हात लावताच शेपटीचा पंखा निखळला.

दादाने घाम पुसला. "पुन्हा कधी उडवायचं?"

मावशींनी तिथेच बसकण मारली. "आधी माझा जीव तर थाऱ्यावर येऊ दे."