साडूंच्या वाफ्यातली वांगी

भिवंडी शहराला आमच्या साडूंइतकं आतून ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय. नगरसेवक शहर वरवर ओळखतात, पोस्टमन दारापर्यंत ओळखतो, डॉक्टरला एका वेळी एकच माणूस कळतो. आमच्या साडूंकडे मात्र अख्खं शहर रोज वाहत येतं. शहराबाहेर सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे, तिथे ते कित्येक वर्षं ऑपरेटर आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर दिघाशीला, थोडी भातशेती, आणि ड्युटीला मोटरसायकलवरून प्लांटवर. पाणी जिथून आत येतं त्या जाळीपाशी उभं राहून ते नुसत्या प्रवाहावरून सांगतात की आज लूम बंद आहेत, रमजान लागला, लग्नसराईचं तेल आलं, किंवा मॅचमध्ये जेवणाची सुट्टी झाली. एकदा मी चेष्टेत विचारलं, "भाऊ, आमच्या घरचं पाणी ओळखाल का?" तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "एका घराचा न्हाय कळत. पण तुमच्या गल्लीत कोणतरी ॲसिड जाम ओततंय." ती आमचीच मोरी होती. मी विषय बदलला.

त्यांच्यासमोर 'घाण' हा शब्द काढायची सोय नाही. येतं ते पाणी म्हणजे 'आवक'. टाकीत हवा सोडून जे जंतू पाळतात आणि ज्यांच्याकडून पाणी साफ करून घेतात, ते 'कामगार'. "माझे कामगार सुट्टी घेत न्हाय, ओव्हरटाइम मागत न्हाय, त्यांना फक्त हवा पायजे," हे ते अशा सुरात सांगतात की शेजारी बसलेल्या लूममालकाच्या तोंडाला पाणी सुटावं. वीज गेली की बाकीचे लोक पंख्याकडे बघतात. हे फोन करून प्लांटवर जनरेटर लावला का विचारतात, कारण कामगार गुदमरतील. आमच्या वास्तुशांतीला हे आले, ते घर बघायच्या आधी मागच्या अंगणात गेले आणि नव्या पँटीसकट गटाराच्या झाकणाशी आत बघायला पालथे पडले. पूजेचे भटजी, माझे ऑफिसमधले साहेब आणि दापोड्याच्या गोडाऊनमधले सगळे सहकारी रांगेत उभे राहून ते दृश्य बघत होते. उठून हात झटकत म्हणाले, "घर छान हाय. उतार उलटा हाय." पुढच्या पावसाळ्यात मोरी तुंबली तेव्हा मी त्यांना कळवलं नाही. अहो, कशाला कळवू?

त्यांच्या पिशवीत नेहमी एक काचेची बाटली असायची. प्लांटमधून बाहेर पडणारं साफ पाणी. नवीन माणूस भेटला की ती उजेडात धरायची आणि "आरपार बघा" म्हणायचं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी ती टीपॉयवर ठेवली. उन्हातून आलेल्या मुलीच्या काकांनी ती उघडून सरळ तोंडाला लावली. साडू शांतपणे म्हणाले, "पिण्याचा न्हाय तो. पण झाडांना चांगला चालतो." काकांनी पुढचे दोन तास एक शब्द काढला नाही, त्यामुळे बोलणी फार सुरळीत पार पडली.

पण त्यांचा खरा जीव गाळावर. पाणी साफ होऊन खाडीत गेलं की मागे जो चिखल उरतो तो वाळूच्या वाफ्यांवर पसरून सुकवतात. त्याची ढेकळं प्लांटच्या मागे रचलेली असतात, आणि पाऊस जोराचा झाला की त्यातलं निम्मं पुन्हा खाडीत उतरतं. हे त्यांना मनापासून लागायचं. "आपण काढायचा आन् पावसानं परत नेऊन टाकायचा. मंग मी इथं करतो काय?" असं ते मलाच विचारायचे. त्यांच्या मते ते सोनं होतं आणि त्याची जागा दिघाशीच्या शेतात होती. खताला पैसे कुठून आणायचे म्हणून गावातले लोकही घ्यायला तयार होते. पण साडूंचा नियम कडक: आधी घरच्यांनी खायचं, मग गावाला द्यायचं. म्हणून त्यांनी आपल्या परसात त्या गाळावर वांगी लावली आणि पाच वर्षं, दर हंगामात, नात्यातल्या आठ घरी स्वतः नेऊन दिली.

वांगी दिसायला देखणी होती, हे मान्य केलं पाहिजे. काळीभोर, चकचकीत, टोपीला काटे. ती कशावर वाढली हे आम्हाला माहीत नसतं तर प्रश्नच नव्हता. पहिल्या वर्षी पिशवी आली तेव्हा मी ती मोरीशी नेली, तर बायको म्हणाली, "तिथे नको टाकू, फिरून त्यांच्याकडेच जातील." मग घंटागाडीत टाकली. पुढे तो शिरस्ताच झाला. आठवड्याने साडू वही घेऊन यायचे. भाजी कशी झाली? पोटाला तक्रार? झोप कशी? मी सांगायचो, "भरीत झकास झालं, भाऊ!" एकदा तर रंगात येऊन शेंगदाणे जास्त घातल्याचंही सांगितलं. कल्याणच्या मेव्हण्याने कहर केला: म्हणे तुमच्या वांग्यांनी माझी ॲसिडिटी गेली. साडूंनी त्याखाली लाल रेघ मारली. मी एकदा सुचवलं होतं की भाऊ, हे लॅबमध्ये तपासून घ्या. तेव्हा ते दुखावल्यासारखे म्हणाले, "लॅबवाला परका माणूस, कायपण लिहील. घरचा माणूस खोटा बोलंल का?" मी चहा घेतला.

यंदा सगळं जमून आलं होतं. पेरणीआधी गाळ गावात न्यायचा, ट्रॅक्टर ठरले होते. तेवढ्यात गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कागद हाय का याचा?" साडू भयंकर चिडले. आठ घरं पाच वर्षं खातायत, आणखी कागद कसला! पण विचारलंच आहे तर तोंड बंद करू म्हणून दर वर्षीच्या गाळाची एकेक बरणी राखून ठेवली होती त्या सगळ्या लॅबला पाठवल्या.

रविवारी दुपारी ते आमच्या दारात आले. हेल्मेट डोक्यावरच. "बसत न्हाय, पाव्हणे. तुमचं दोघांचं रक्त तपासून घ्या. माझ्यामुळं तुमच्या पोटात विष गेलाय." कोणीतरी कापड रंगवल्याचं पाणी गुपचूप गटारात सोडत होतं. आवकेत रंग दिसायचा, पण पाणी साफ होऊन जायचं म्हणून साडू निर्धास्त होते; रंगातले जड धातू मात्र गाळात बसायचे, आणि कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की हा गाळ शेतात घालू नये. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, आता मेलो तरी चालेल पण खरं बोललं पाहिजे.

"भाऊ," मी म्हणालो, "आम्ही खाल्ली नाहीत. एकदाही नाही."

त्यांनी हेल्मेट काढलं. "भरीत?"

"नाही."

"शेंगदाणे?"

"नाही हो."

त्यांनी मटकन बसून वही उघडली आणि एकेकाला फोन लावला. स्पीकरवर. "खरं सांगा, रागवत न्हाय." एकेक घर कबूल होत गेलं. कोणी टाकली होती, कोणी पुरली होती. कल्याणच्याची ॲसिडिटी गोळ्यांनी गेली होती. प्रत्येक फोननंतर साडू "वाचला!" म्हणायचे आणि नाव खोडायचे. आठवं नाव खोडल्यावर त्यांनी वर हात जोडले. माणूस खरंच आनंदला होता. आम्ही सगळे खोटारडे निघालो याचा इतका आनंद मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

चहा घेऊन आलेली माझी बायको तिथेच थबकली. "आणि भाऊजी, तुम्ही? ताई?"

साडूंनी वहीकडे पाहिलं. त्यात त्यांचं नाव नव्हतंच. "आम्ही खाल्ली ना," ते म्हणाले. "रोज."

बायको आत गेली आणि मला तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दिघाशीला देवळापुढे लोक जमवून गाळ मिळणार नाही म्हणून सांगितलं. ट्रॅक्टर परत गेले, दोघाचौघांनी चार शब्द सुनावले, ते त्यांनी ऐकून घेतले. तो गाळ आजही प्लांटवर काँक्रीटच्या ओट्यावर ताडपत्रीखाली पडून आहे. रंगाच्या पाण्याबद्दल ते अर्जावर अर्ज करतात. आज निळं आलं, आज तांबडं, हे त्यांना कळतं. कुणाचं, ते मात्र पाणी सांगत नाही.

साडूंचं आणि ताईंचं रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, सध्या घाबरण्यासारखं काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, ती वांगी मात्र बंद. आम्ही जिना उतरलो. साडू खाली मोटरसायकलपाशी थांबले आणि खिशातून लॅबचा चार घड्या घातलेला कागद काढला.

"ही वरची ओळ वाचा, पाव्हणे. पयल्या वर्षाची बरणी. तवा रंग येत नव्हता." त्यांनी बोट ठेवलं होतं. "काय पण न्हाय तिच्यात. ती वांगी चांगली होती. ती तरी खायला पायजे होती तुम्ही."

मला लाज वाटली. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणालो, "हो भाऊ. खायला पाहिजे होती."

त्यांनी मान हलवली, कागद होता तसा घडी घालून खिशात ठेवला, आणि मला म्हणाले, "बसा मागं. सोडतो घरी."