उजेडातले काळे पट्टे

गुलबर्ग्याला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी आम्हा दोघींना नायट्रोजन डायऑक्साइड मिळाला. मी खटकचिंचोळीच्या मास्तरांची मुलगी. माझी जोडीदारीण मादन हिप्परगा गावची. तिचे आजोबा मेंढरं राखायचे, वडील शेती करायचे. हा तांबूस, विषारी वायू कोणता उजेड गिळतो, ते आम्हाला मोजायचं होतं.

सरांनी स्वतः वायू तयार करून जाड काचेच्या नळीत बंद करून दिला. "फुटली तर आधी पळा, मग ओरडा," म्हणाले आणि तासाला गेले.

नळीमागे बल्ब लावला, पुढे प्रिझम, दुर्बीण. तेवढ्यात लाइट गेली.

"आरशानं ऊन घेऊ की!" ती म्हणाली. होस्टेलवरून पळत जाऊन आरसा आणला, त्याचं ऊन नळीमागच्या पांढऱ्या कागदावर पाडलं. मी डोळा लावला. लाल, पिवळा जागच्या जागी. पण हिरव्या-निळ्यात काळेच काळे पट्टे, कंगव्यानं ओढल्यासारखे! नळी काढली, पट्टे गायब. ठेवली, हजर. मला हसूच आवरेना.

"कामून हसायलीस?"

"तूच बघ."

तिनं बघितलं आणि अशी किंचाळली की सर वर्ग सोडून धावत आले. "फुटली का?"

"न्हाई सर, दिसायलेत!"

सरांनी डोळा लावला तो काढीचनात. आम्ही मागे नुसत्या नाचतोय.

मग वायू गार केल्यावर काय होतं ते बघायला गारीगारवाल्याकडून बर्फ आणला. बर्फात नळी फिकी पडली, पट्टेही पुसट. कोमट पाण्यात धरली की पुन्हा गडद. मोजायचं सोडून तासभर हाच खेळ. एकेका पट्ट्याची जागा नीट मोजायला पुढे चार दिवस लागले. सगळ्या जागा पुस्तकाशी जुळल्या, एक सोडून. ती पुन्हा मोजली, तीही जुळली.

त्या पहिल्याच संध्याकाळी तिनं एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावून वडिलांना बोलावून घेतलं.

"अप्पा, पट्टे दिसले!"

"कुणाच्या अंगावर?"

"उजेडाच्या!"

पलीकडून अप्पांचा आवाज, "जेवलीस न्हवं गं?"

बूथवाला हसून हसून बाहेर गेला.

पुढच्या आठवड्यात अप्पा धोतर सावरत लॅबमध्ये हजर. दुर्बिणीपाशी आधी चुकीचाच डोळा मिटला. मग एकदम ओरडले, "व्हय की गं! लई हायत!"