झोयाचं कोपर वाकतं!

चहा येऊ दे. तो संपेपर्यंत माझी अब्रूही संपलेली असेल, पण सांगतोच!

इथे ओमानात, अल् घुब्रात, आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचे पारकर राहतात. त्यांची झोया दहावीत आहे, आणि डावखुरी. फिलिपिनो मैत्रिणींच्या नादाने ही पोरगी बेसबॉल खेळायला लागली. तिथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि ही पिचर. दुबईला जाणाऱ्या टीमची निवड पुढच्या शुक्रवारी होती, आणि पोरीला पाठवावं की नाही, हे पारकरांचं ठरत नव्हतं.

"सावंतभाऊ, तुम्ही अंपायर माणूस. जरा बघा ना, तिच्या हातात काही आहे का? नसेल तर उगाच अभ्यास कशाला बुडवायचा?"

आता मी अंपायर म्हणजे काय? शुक्रवारी आम्ही मराठी मंडळी मातीच्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. मला धावता येत नाही, म्हणून टोपी घालून उभा करतात! पण नाही म्हणेल तो सावंत कसला? ओमानात उंट भरपूर, उंटावरचा शहाणा तेवढा हवा होता. तो त्यांना मिळाला.

बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत झोयाने चेंडू टाकले. मी हात मागे बांधून, डोळे बारीक करून उभा. पहिला चेंडू टप्पा न पडता थेट छातीच्या उंचीवर! दुसराही तसाच! तिसरा तर भिंतीपलीकडे गेला.

मी पारकरांना बाजूला घेतलं. "वाईट वाटून घेऊ नका. पोरगी फेकते."

"म्हणजे?"

"कोपर वाकतं हो तिचं! बोलिंग टाकताना कोपर वाकलं की खलास. शिवाय सगळे फुलटॉस!"

"पण काका, बेसबॉलमध्ये तर..." झोया म्हणाली.

"मोठी माणसं बोलतायत ना, बाळा?"

संध्याकाळपर्यंत पारकरभाभींनी ऐकलं, की झोयाच्या हाडात दोष आहे. लगेच हाताला क्रेप बँडेज! रत्नागिरीहून नानीने फोनवर हळदीचा लेप सांगितला. तिसऱ्या मजल्यावरचे लोक बघायला येऊन गेले. चेंडूला हात लावायचा नाही, निवडीला जायचं नाही, असं पारकरांनी जाहीर केलं. आठवडाभर झोया लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभी राहायची.

"तुम्हाला बेसबॉलमधलं काय कळतं हो?" बायकोने विचारलं.

"खेळ म्हणजे खेळ! कोपर म्हणजे कोपर!"

शुक्रवारी सकाळी नाश्ता करताना सहज मोबाइलवर बेसबॉल लावला. पहिल्या पिचरचं कोपर वाकलं. दुसऱ्याचंही. सगळ्यांचीच वाकतायत, आणि कोणी काही बोलत नाही! अहो, तो खेळच फेकायचा! एसी चालू असताना मला घाम फुटला. एका पोरीचं दुबई मी माझ्या दीडशहाणपणात घालवलं होतं. फार वाईट वाटलं. पोहे तसेच टाकून खाली धावलो.

"पारकर, गाडी काढा! दोष तिच्या हाडात नाही, माझ्या डोक्यात आहे!"

वाटेत गाडीतच बँडेज सोडलं. मैदानावर पोहोचलो तेव्हा शेवटच्या मुलींची पाळी चालू होती. झोयाने चेंडू टाकला, आणि समोरच्या पोरीच्या ग्लव्हमध्ये सप्पकन आवाज! पुन्हा सप्प! एकही इकडेतिकडे नाही.

झोयाशी बोलून फिलिपिनो कोच आमच्याकडे आला. "इसको पूरा हफ्ता थ्रो मत करो, किसने बोला?"

अख्खं पारकर कुटुंब माझ्याकडे बोट दाखवून मोकळं! म्हटलं, यल्ला सावंत, पळ आता.

कोचने माझा हात धरला आणि गदागदा हलवला. "व्हेरी गुड, सर!" पोरगी रोज टाकून टाकून हात थकवून बसली होती, म्हणून चेंडू भिंतीपलीकडे जात होते. विश्रांती घे म्हणून तो कधीपासून सांगत होता, पण ही ऐकेल तर ना!

झोयाची निवड झाली. भाभी रडायला लागल्या, पारकरांनी मला मिठी मारली. मला इतकं हलकं वाटलं, की तिथेच मातीत बसकण मारली.

तेवढ्यात कोच दोन मुलींना घेऊन आला. "सर, इनका भी देखो."

मी उठलो, टोपी नीट केली, हात मागे बांधले. तोच झोया धावत आली.

"काका, प्लीज! तू फक्त रेस्ट बोल. बाकी काही नको बोलू!"