बाबांचा डावा पाय आणि क्लच

दोन महिने आमच्या घरी बाबांच्या डाव्या पायाची चर्चा चालू होती. पायाला काही झालेलं नाही, असं म्हणणारे एकटे बाबाच होते.

अंजनगावजवळच्या आमच्या मळ्यातली भाजी बाबा स्वतः पिकअप चालवत अमरावतीला नेतात. त्यांच्या हातून अधूनमधून गिअर पडेना. क्लच दाबूनही खरखर व्हायची. माझ्या भावानं चालवली, की तीच गाडी शहाण्यासारखी चालायची. मिस्तरीनंही दणादण पेडल मारून पाहिलं, क्लच ऑइलची छोटी टाकी पाहिली. थेंबभर कमी नव्हतं, गळतीही नव्हती. मग दोष पायाचाच ठरला. सोमवारपासून किल्ली बाबांकडे द्यायची नाही, असं भावानं जाहीर केलं. मीही काही कमी नाही, अकोल्याहून येताना मालिशचं तेल घेऊन आले.

"लाव तेल," बाबा म्हणाले. "पण गाडीच काईतरी लपवून राह्यली."

मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडी एकच आणि दोघांशी दोन तऱ्हा, तर ते दोघं काय वेगळं करतात ते आधी बघावं, एवढं मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. बाबांचं ते वाक्य ऐकल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळू लागला.

रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसले. मागे तोडणीला निघालेल्या चार बाया होत्या. बाबा क्लच इतक्या सावकाश दाबत होते, की मलाच घाई झाली.

"बाबा, एवढं हळू काहून दाबता?"

"मागं बाया हायेत. झटका बसला त पडतीन त्या."

फाट्यावर पुढे ट्रक आडवा आला. बाबा गिअरमध्येच क्लच दाबून थांबले आणि गाडी हळूच पुढे सरकायला लागली. त्यांनी ब्रेक मारला. माझी नजर त्यांच्या पायावर होती. पाय ढिला पडला नव्हता. पेडलच त्याच्याखाली आणखी खाली चाललं होतं.

मळ्यात पोचल्यावर मी खाली बसून पेडल हातानं दाबलं. झटक्यात दाबलं तर घट्ट. सावकाश दाबून धरलं तर चिखलात काठी रुतावी तसं तळाला गेलं. पुन्हा झटक्यात, पुन्हा सावकाश. टाकीतलं ऑइल तेवढंच. बाया हसत होत्या, पण मला आता चैन नव्हतं. ऑइल बाहेर येत नाही, कमीही होत नाही, मग जातं कुठे?

मिस्तरीनं त्याच दिवशी मास्टर सिलिंडर उघडला. पेडल दाबलं की इथूनच ऑइल पुढे ढकललं जातं आणि क्लच सुटतो. आतल्या रबराची कड झिजली होती. जोरात दाबलं की ते रबर फाकून सिलिंडरला आतून घट्ट चिकटायचं. हळू दाबलं की ऑइल त्याच्या कडेनं मागे सटकायचं आणि गुपचूप टाकीत परत जायचं.

"आमी सारे दणकेच देतो, काका," मिस्तरी म्हणाला. "हळू कोणी दाबूनच नाई पाह्यलं."

मला फार लाज वाटली. दोन महिने आम्ही त्यांचा पाय तपासला, पण ते गाडी कशी चालवतात हे कोणी विचारलं नव्हतं.

नवं रबर बसल्यावर बाबांनी नेहमीसारखा सावकाश क्लच दाबला, धरून ठेवला, गिअर टाकला. काही आवाज झाला नाही. मग खाली उतरून त्यांनी ते झिजलेलं रबर मिस्तरीकडून मागून घेतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"घे," ते म्हणाले. "याले मालिश कर."